बर्फावरील वाहनचालन

हिम साचलेल्या किंवा पाणी गोठून गुळगुळीत झालेल्या रस्त्यावर वाहन चालविण्याची पद्धत. दर हिवाळ्यात हिम पडणाऱ्या प्रदेशांत ती वाहनशिक्षणाचाच भाग असते. स्वीडन व नॉर्वे येथे परवाना मिळविण्यासाठी मुद्दाम निसरड्या केलेल्या मार्गावर सराव करावा लागतो. प्रस्तुत नोंद अशी सवय नसलेल्या प्रदेशांपुरती असून, कोल्हापूर परिसरातून मनाली, काश्मीर किंवा लडाखकडे गाडी घेऊन जाणारा चालक तीत मुख्यतः डोळ्यांसमोर ठेवला आहे.

संज्ञा : बोलीत ‘बर्फ’ हा मुळात फारसी असलेला एकच शब्द सर्व प्रकारांना चालतो. शास्त्रीय लेखनात मात्र आकाशातून भुरभुरत पडते ते हिम आणि पाणी गोठून घट्ट होते ते बर्फ, असा भेद पाळतात. चालकाला तो पाळावाच लागतो. ताजे हिम चाकाखाली करकरत दबते व थोडी पकड देते. तेच दिवसभर गाड्यांनी दाबले, दुपारी पाझरले आणि रात्री गोठले की रस्त्याची काच होते. तिसरा प्रकार सर्वांत घातक. त्यात बर्फाचा थर इतका पातळ व पारदर्शक असतो की खालचे डांबरच दिसते आणि रस्ता नुसता ओला वाटतो. हिमाचलातील चालक गोठलेल्या दवाला ‘पाला’ म्हणतात. मराठीत पाला म्हणजे झाडाची पाने आणि ‘दहिवर’ हा शब्द साध्या दवासाठी रूढ, त्यामुळे येथे ‘काळा बर्फ’ हीच संज्ञा वापरली आहे.

काळा बर्फ कसा धरतो याची कल्पना कोल्हापुरातही येऊ शकते. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असले की रात्री उघड्यावर लावलेल्या दुचाकीचे सीट पहाटे ओलेचिंब असते. पुसल्याशिवाय बसता येत नाही. हवेपेक्षा पत्रा व सीट लवकर निवतात आणि हवेतील बाष्प त्यांवर उतरते. येथे पहाटेचे तापमान बहुधा १२ ते १५ °से.च्या आसपास राहते, म्हणून ते पाणीच राहते. पृष्ठभाग शून्याखाली गेला असता तर तोच थर बर्फाचा झाला असता. पूल आधी गोठतात तेही याच कारणाने: त्यांची उष्णता वरून आणि खालून अशी दोन्हीकडून जाते, जमिनीवरच्या रस्त्याला खालच्या मातीची ऊब असते. डोंगराच्या सावलीतले वळणही असेच. अलीकडचा रस्ता उन्हाने कोरडा असला तरी वळणापलीकडे बर्फ टिकून असतो.

बर्फ निसरडा का : हा प्रश्न दीडशे वर्षांहून अधिक काळ वादात आहे. पाण्याचे घनरूप द्रवरूपापेक्षा अधिक जागा व्यापते, त्यामुळे दाबाखाली बर्फाचा वितळणबिंदू खाली जातो, हे जेम्स टॉमसन यांनी १८४९ मध्ये दाखविले. त्यावरून दाबामुळे बर्फ वितळतो व त्या पाण्यावरून वस्तू घसरते, अशी उपपत्ती १८८६ मध्ये जॉन जोली यांनी बर्फावरील स्केटच्या संदर्भात मांडली. पाठ्यपुस्तकांत ती अजूनही आढळते. वाहनापुरती तरी ती स्वीकारणे कठीण आहे. वितळणबिंदू १ °से. खाली आणायला सुमारे १३५ वातावरणे (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या १३५ पट) दाब लागतो. मोटारीच्या टायरचा रस्त्यावरील दाब दोन-अडीच वातावरणांइतका, म्हणजे फरक अंशाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. मायकेल फॅराडे यांचे मत वेगळे होते. बर्फाचे दोन तुकडे नुसते टेकविले तरी चिकटतात, यावरून त्यांनी १८५० मध्ये असे सुचविले की बर्फाच्या पृष्ठभागावर दाबाशिवायही द्रवासारखा पातळ थर असतो. पुढे बाउडन व ह्यूज यांनी १९३९ मध्ये घर्षणातून निर्माण होणाऱ्या उष्णतेवर भर दिला. आज फॅराडेप्रणीत पृष्ठस्तर आणि घर्षणाची उष्णता या दोहोंच्या एकत्र परिणामाकडे अभ्यासकांचा अधिक कल दिसतो, आणि चालकांच्या अनुभवाशीही तेच जुळते. कडाक्याच्या थंडीतला बर्फ तुलनेने कोरडा असतो व बरी पकड देतो. शून्याच्या जवळचा, वर पाण्याचा पापुद्रा आलेला बर्फ सर्वांत वाईट. सवय नसलेला माणूस नेमका उलटा समज करून घेतो. ऊन पडले, आता धोका टळला, असे त्याला वाटते.

थांबण्याचे अंतर : घर्षणगुणांक, म्हणजे टायरला रस्त्यावर मिळणाऱ्या पकडीचे माप, कोरड्या डांबरावर साधारण ०·७, दबलेल्या हिमावर ०·२ आणि बर्फावर ०·१ किंवा त्याहूनही कमी धरतात. त्यानुसार ताशी ४० किमी. वेगाची गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या रस्त्यावर सुमारे ९ मी., हिमावर ३१ मी. आणि बर्फावर ६३ मी. जाऊन थांबेल. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होते. चारही चाकांना शक्ती देणारी गाडी चढ चढायला उपयोगी पडते. थांबायला तिचा काडीचा फायदा नाही.

चिखलाची सवय आणि बर्फ : कोल्हापूरच्या चालकाला घसरडा रस्ता नवा नाही. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या शेतातली काळी माती चाकांबरोबर डांबरावर आणतात, पहाटेच्या दवाने तिचा लगदा होतो आणि दुचाकी अलगद आडवी होते. वळवाचा पहिला पाऊस, गगनबावड्याकडील सावलीतले शेवाळ, करूळ घाटातले धुके हीही रोजचीच बाब. यांतून आलेली एक सवय बर्फावर उपयोगी पडते: ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे. मात्र गिअर उतार लागण्यापूर्वीच खाली घ्यावा व क्लच हळू सोडावा, नाहीतर इंजिनाच्या झटक्यानेच चाके अडून गाडी घसरते.

दुसरी सवय मात्र घात करते. चिखलात चाक फिरू लागले की ॲक्सिलरेटर दाबून गाडी रेटून नेतात, कारण टायरच्या नक्षीला चिखलाखाली टणक जमीन सापडते. बर्फाखाली असे काही हाती लागत नाही. फिरणारे चाक त्याला घासून आणखी गुळगुळीत करते. तिथे दुसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, जवळजवळ ॲक्सिलरेटर न देता गाडी हलवावी. स्टेअरिंग अचानक हलके लागले तर पुढच्या चाकांची पकड सुटली असे समजावे, पाय उचलावा, पण ब्रेक मारू नये. गाडीचा मागचा भाग सुटला तर तो ज्या बाजूला जातो त्याच बाजूला स्टेअरिंग अलगद फिरवावे. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके अडू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली थरथरते. तो बिघाड नाही, पाय काढू नये.

साखळ्या व टायर : टायरवर चढविण्याच्या साखळीचे पेटंट अमेरिकेतील हॅरी वीड यांना १९०४ मध्ये मिळाले. लोक चाकांना दोर गुंडाळत ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. साखळी शक्ती मिळणाऱ्या चाकांनाच लावतात. आपल्याकडील बहुतेक छोट्या मोटारींत ती पुढची चाके असतात. आपल्याकडचे टायर उष्ण हवामानासाठी असतात. साधारण ७ °से.खाली त्यांचे रबर कडक होऊ लागते, हिवाळी टायरचे मऊ राहते.

काही घटना : २८ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकेतील अटलांटा शहर पाच-सहा सेंमी. हिमाने ठप्प झाले. शाळा व कार्यालये एकाच वेळी सुटली, सारी वाहने एकदम रस्त्यावर आली आणि बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ पसरणाऱ्या गाड्याही त्यांतच अडकल्या. अनेक मुलांनी रात्र शाळेत किंवा बसमध्ये काढली. टेक्ससमधील फोर्ट वर्थ येथे ११ फेब्रुवारी २०२१ रोजी गोठलेल्या महामार्गावर १३० हून अधिक वाहने एकमेकांवर आदळून ६ जण मृत्यू पावले. पाकिस्तानातील मरी येथे जानेवारी २०२२ मध्ये हिमवादळात अडकलेल्या गाड्यांत २० हून अधिक पर्यटक दगावले. थंडीबरोबरच कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा हेही त्याचे कारण मानले जाते. सायलेन्सरचे तोंड हिमाने बुजले की विषारी वायू गाडीत शिरतो, म्हणून इंजिन चालू ठेवण्यापूर्वी खाली उतरून ते मोकळे करणे आवश्यक असते. भारतात ऑक्टोबर २०२० मध्ये ९ किमी. लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून हिमाचलातील मनालीपलीकडचे लाहौल खोरे हिवाळ्यातही गाठता येऊ लागले, आणि मैदानी प्रदेशातून येणाऱ्या गाड्या तिथे अडकण्याचे प्रसंगही घडू लागले.

वाहनाची तयारी : रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नळाचे पाणी भरण्याची पद्धत आपल्याकडे बरीच आहे. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते व इंजिनाला तडा जाऊ शकतो, म्हणून निघण्यापूर्वी गॅरेजमध्ये ते पूर्ण काढून कूलंट भरून घ्यावे. काच धुण्याच्या टाकीतले पाणीही गोठते. डिझेलमधील मेण थंडीत साकळते. त्यासाठी लडाखमध्ये २०१९ पासून उणे ३३ °से.पर्यंत प्रवाही राहणारे डिझेल मिळते. मुक्कामाला हँडब्रेक ओढून ठेवल्यास ओली केबल गोठून सकाळी चाके जाम होतात. सपाट जागी गाडी गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड लावतात.