सेवक साहेब आणि मायबाप साहेब: दिसायला सारखेच, पण

आपल्याकडे चर्चमध्ये सर्व्हंट लीडरशिपवर, म्हणजे सेवक होऊन नेतृत्व करण्यावर, एखादं सेशन झालं की सोमवारी ऑफिसात काय होतं, तर साहेब टीमसाठी समोसे मागवतात, कुणाचा लेटमार्क खोडतात, कुणाला अडीनडीला उचल देतात, आणि मनात म्हणतात चला, झालो आपण सेवक. वाईट काहीच नाही यात, समोसे तर कधीच वाईट नसतात. पण हे सगळं मायबाप साहेबही अगदी असंच करतो, आणि दोघं बाहेरून इतके सारखे दिसतात की भलेभले फसतात.

(तिसरा एक प्रकार असतो, सगळ्याला हो म्हणणारा, ज्याच्या डोक्यावर टीम मिऱ्या वाटते. त्याला कुणी लीडर समजतच नाही, सोडून देऊ.)

खरं म्हणजे हा फरक येशूनेच करून ठेवलाय. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या 22 व्या अध्यायात शेवटचं भोजन चाललंय आणि शिष्यांचा वाद काय, तर आपल्यात मोठा कोण. तेव्हा येशू म्हणतो की राजे लोकांवर सत्ता चालवतात आणि अधिकार गाजवणाऱ्यांना परोपकारी म्हणतात, तुमचं तसं नको. आपण यातला सत्तेचा भाग ऐकतो आणि म्हणतो, मी कुठे जुलूम करतो बाबा, आणि परोपकारी हा शब्द तसाच सुटून जातो. पण त्या काळी ती चक्क राजांची पदवी होती, इजिप्तचा तिसरा टॉलेमी उपकारकर्ता म्हणूनच मिरवायचा. रोममध्ये तर आश्रित लोक रोज सकाळी बड्या माणसाच्या दारात मुजऱ्याला जायचे, शिधा नाहीतर चार पैसे मिळायचे, आणि त्या बदल्यात त्याच्या मागेपुढे फिरायचं, त्याची री ओढायची. म्हणजे द्यायचा तो खराच, पण घेणारा मिंधा व्हायचा. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे, साहेब किती देतो यात नाही तर दिल्यावर समोरचा मिंधा होतो की मोकळा होतो यात. मायबाप साहेब मिंधा करतो, सेवक साहेब मोकळा.

हॉस्पिटलच्या वॉर्डचं उदाहरण घेऊ. डिसेंबरची ड्युटी लिस्ट लागायची असते आणि ख्रिस्ती स्टाफ जास्त असेल तर नाताळचा ऑफ सगळ्यांनाच हवा. मायबाप इन्चार्ज सिस्टर काय करतात, लिस्ट शेवटपर्यंत स्वतःच्या डायरीत ठेवतात, मग एकेक जण येऊन विनवणी करतो, मॅडम घरी म्हातारी आई आहे, मॅडम नवीन लग्न झालंय, आणि मॅडम म्हणतात जा गं, मी बघून घेते. पोरगी खूश, मॅडमची इमेज देवमाणसाची. फक्त मार्चमध्ये डबल ड्युटीला ती कुरकुरली की ऐकावं लागतं, नाताळला कुणी सोडलं होतं तुला? दुसरी इन्चार्ज नोव्हेंबरमध्येच लिस्ट बोर्डावर लावते, गेल्या वर्षी नाताळला कोण घरी होतं ते नावापुढे लिहिलेलं, अदलाबदल आपसात करा आणि मला फक्त कळवा. कुणाला हात जोडावे लागत नाहीत आणि कुणी तिला देवमाणूस पण म्हणत नाही, उलट कडक आहे म्हणतात.

चूक झाली की तर आणखीच कळतं. नर्सकडून औषधाचा डोस चुकला, पेशंटला सुदैवाने काही झालं नाही. मायबाप मॅडम म्हणतील, मी दाबलंय प्रकरण, पण लक्षात ठेव. आता ती नर्स जन्मभर बांधलेली, आणि पुढच्या पेशंटचं काय? दुसरी इन्चार्ज तिला रिपोर्ट लिहायलाच लावेल, डॉक्टरांना लगेच कळवायला लावेल, स्वतः शेजारी उभी राहील, आणि ट्रॉलीवर दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्या शेजारी शेजारी का होत्या हेही त्यातच लिहील. त्या दिवशी तिचा रागच येणार, ते ठीक आहे.

येशूने शिष्यांचे पाय धुतले तो प्रसंग पवित्र गुरुवारी आपण सगळेच ऐकतो, पण योहानाच्या शुभवर्तमानात पुढे काय होतं ते बघा. पाय धुऊन झाल्यावर येशू कपडे घालून परत आपल्या जागेवर बसतो आणि म्हणतो तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे, मी आहेच. म्हणजे खुर्ची सोडलेली नाही! सेवक साहेब निर्णय घेतो, नाही म्हणतो, वेळ पडली तर कामावरून काढतो सुद्धा. आणि दुसरं म्हणजे ज्यांचे पाय धुतले त्यात येशूला पकडून देणारा यहूदा पण होता, तो थोड्याच वेळात उठून बाहेर गेला. निष्ठा विकत घ्यायची असती तर हा फारच तोट्याचा सौदा. म्हणून मला वाटतं कुणी राजीनामा दिला की साहेबाचा खरा प्रकार दिसतो, मायबाप म्हणणार एवढं केलं याच्यासाठी आणि हा चालला.

मोठ्या स्केलवर बघायचं तर अमेरिकेतली दोन उदाहरणं आहेत. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमनने 1880 च्या दशकात शिकागोजवळ कामगारांसाठी अख्खं गाव वसवलं, विटांची चांगली घरं, लायब्ररी, बाग, चर्च. गावाला नाव स्वतःचंच, आणि हॉटेलला मुलीचं. 1893 च्या मंदीत पगार सरासरी पाव हिश्शाने कापले, घरभाडं मात्र तेवढंच, आणि तक्रार घेऊन गेलेल्यांपैकी तिघांना लगेच कामावरून कमी केलं. 1894 चा मोठा संप त्यातून पेटला आणि शेवटी लष्कर बोलवावं लागलं. चर्चचं भाडं तर इतकं की सुरुवातीला ते रिकामंच पडून होतं, आता बोला.

दुसरीकडे मिशिगनमधली फर्निचर कंपनी हर्मन मिलर. डी. जे. डी प्री या चर्चला जाणाऱ्या माणसाने 1923 मध्ये कंपनीला नाव दिलं सासऱ्याचं. 1950 मध्ये त्यांनी स्कॅनलन प्लॅन आणला, म्हणजे कामगारांनी सूचना द्यायच्या आणि त्यातून जी बचत होईल त्यात त्यांचा वाटा, ठरलेल्या हिशोबाने, मर्जीने नाही. पुढे मुलगा मॅक्स सीईओ असताना 1986 मध्ये नियम केला की कंपनी कुणी जबरदस्तीने ताब्यात घेतली आणि त्यात नोकरी गेली तर दोन वर्षांवर सर्व्हिस झालेल्या प्रत्येकाला भरपाई, फक्त वरच्या साहेबांना नाही. यात समोसे कुठेच नाहीत. बायबलमध्ये प्रेषित पौल कलस्सैकरांच्या पत्रात धन्यांना सांगतो ते पण न्यायाने आणि समतेने वागा असंच, दया दाखवा असं नाही.

आणि एक, प्रार्थनेचं. हाताखालच्या माणसाला केबिनमध्ये बोलावून तुझ्यासाठी प्रार्थना करू का विचारलं तर तो नाही म्हणू शकतो का? त्याचं अप्रेझल तुमच्याच हातात आहे, तो दुसऱ्या धर्माचा असेल तर आणखीच पंचाईत. त्याच्यासाठी घरी करा हवी तेवढी, त्याला न सांगता, आणि ऑफिसात त्याची अडकलेली ओव्हरटाइमची फाइल सही करून पुढे पाठवा.