जुनी शहरं एका रात्रीत गाडली गेली, हे खरंय का?

फॉरवर्ड फिरतो तो असा: जुनी शहरं जमिनीखाली सापडतात म्हणजे ती महापुरात किंवा भूकंपात एका झटक्यात गाडली गेली. वाटणं साहजिक आहे, आणि इ.स. ७९ मध्ये इटलीतलं पाँपेई शहर खरंच ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं, पण ते अपवाद. बहुतेक मध्ययुगीन शहरं माणसांनी स्वतःच हळूहळू उंच केली. रशियातलं नोव्हगोरोद बघा, रस्त्यावर लाकडी फळ्या टाकायच्या, त्यावर चिखल, शेण, कचरा साचला की परत नवीन फळ्या, असे एकावर एक २८ थर एकाच रस्त्यावर सापडलेत, दहाव्या ते पंधराव्या शतकातले, आणि लाकडातली वर्षवलयं मोजून त्यांची वर्षंही काढता आली. आता एका पुरात २८ रस्ते कसे बनतील?

लंडनमध्ये रोमन अवशेषांवर काळ्या मातीचा जाड थर आहे. त्यावरून पूर आला, शहर ओस पडलं असे बरेच अंदाज झाले. मग ती माती राळेत घट्ट करून ०.०३ मिमी जाडीचे काप मायक्रोस्कोपखाली बघितले, तर चुलीची राख, शेण, कुजलेल्या लाकूड-मातीच्या घरांचे तुकडे, आणि हे सगळं गांडुळांनी ढवळलेलं. म्हणजे निदान सुरुवातीला तरी तिथे माणसं राहत होती.

पुराचा गाळ असता तर वाळू-चिकणमातीचे वेगवेगळे पट्टे दिसले असते, मोठ्या आगीचा थर असता तर कोळसा आणि भाजून लाल झालेली माती. त्यामुळे पुढच्या वेळी असा फॉरवर्ड आला की आधी थर किती आहेत आणि त्यात नेमकं काय आहे ते विचारा.