लुगडं, गोल पातळ, पंजाबी ड्रेस

"वहिनींनी साडी सोडली वाटतं?" असं नातेवाईक अजूनही विचारतात, आणि मला दर वेळी वाईट वाटतं. ज्या साडीला ते परंपरा म्हणतात, ती आमच्या घरात माझ्या आईने आणली. आजी शेवटपर्यंत नऊवारी लुगड्यात होती. सव्वाआठ मीटर कापड, आत परकर नाही, मागे कासोटा. विहीर, जातं, शेत, सगळं त्यातच. सोवळ्यालाही कासोटा लागायचा. आई गोल पातळ, म्हणजे सहावारी साडी, नेसू लागली तेव्हा ते विकच्छ, म्हणजे बिनकासोट्याचं, म्हणून आजीने तिला कित्येक दिवस देवघरात येऊ दिलं नाही.

आमचं लग्न १९८१ चं. तोवर सहावारी हाच बाईमाणसाचा रीतसर वेश झाला होता. ही तेव्हा गिरणीच्या सुती साड्या नेसायची. रविवारी पेजेची खळ, मग दोघांनी टोकं धरून साडी ताणायची आणि घडी घालायची. पुढच्याच वर्षी, १८ जानेवारीला, गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कित्येक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. हिच्या कपाटात सुरतेच्या सिंथेटिक साड्या आल्या. खळ नको, इस्त्री नको. पहाटे उठून चार डबे भरणाऱ्या बाईला हे फार मोठं होतं. मे महिन्यात मात्र त्या अंगाला चिकटायच्या.

ड्रेस आला तो लोकलमुळे. चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल १९९२ मध्ये सुरू झाली, पण तिची वेळ हिच्या ऑफिसला जुळेना. एकदा दादरला उतरताना पदर गर्दीत अडकला आणि खांद्यावरच्या पिनेने ब्लाउज टरकन फाटला. उरलेला सगळा दिवस ती पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन ऑफिसात बसली. त्या शनिवारी दोन ड्रेसपीस घेऊन शिंप्याकडे गेली. आईला कसं सांगायचं, याचीच मला धास्ती. आईने सोमवारी सकाळी तिला दारात पाहिलं आणि म्हणाली, "ओढणीला पिन लाव गं, गाडीत ओढली जाईल."

आता गुडघे दुखतात, म्हणून घरात गाऊन. दार उघडताना वर ओढणी.

गेल्या वर्षी पुतणीच्या लग्नात सगळ्या मुलींनी शिवलेल्या नऊवारी घातल्या, कमरेला इलॅस्टिकवाल्या. हिने आजीचं इरकली लुगडं काढलं. पण ओचा कसा खोचायचा ते घरात कुणालाच येईना. शेवटी शेजारच्या आजींना बोलावलं. खुर्चीवर बसूनच त्यांनी सगळं सांगितलं, आणि निऱ्या मी धरल्या.