शब्दकोडे सोडवताना घेतलेली मदत

दैनिकात रोज येणाऱ्या शब्दकोड्यातली अडलेली घरे भरण्यासाठी माणसे, कोश किंवा संगणक यांचा आधार घेण्याची रीत. मराठी कोड्यात ही मदत इंग्रजीपेक्षा वेगळ्या तऱ्हेने मागितली जाते, कारण मराठीत एका घरात काना-मात्रा-वेलांटीसकट पूर्ण अक्षर बसते. ‘पुस्तक’ तीन घरांत मावतो : पु, स्त, क. जोडाक्षराला एकच घर, आणि अनुस्वार आपापल्या अक्षराबरोबर. इंग्रजी कोड्याच्या घरात येऊ शकणारी अक्षरे २६. मराठीत बाराखडी आणि जोडाक्षरे धरली तर ती शेकड्यांत जातात. त्यामुळे एक अक्षर हाती लागले की निम्मे उत्तर मिळाल्यासारखेच असते. मुरलेला माणूस म्हणूनच ‘उत्तर सांगू नका, मधलं अक्षर तेवढं सांगा’ असे बजावतो.

मधलेच का, ते ‘कमळ’ पाहिल्यावर कळते. तीन घरे आणि शोधसूत्र ‘कमळ’ एवढेच असले, तर पंकज, नीरज, सरोज, जलज, अंबुज, राजीव, नलिनी असे बरेच उमेदवार रांगेत उभे राहतात. अशा वेळी कोणी उदारपणे शेवटचे अक्षर ‘ज’ सांगितले, तर त्याने फारसे काही दिलेले नसते. राजीव आणि नलिनी बाद होतात, बाकीचे पाचही तसेच राहतात. हा ‘ज’ म्हणजे संस्कृतातला ‘जन्मलेला’. चिखलात जन्मला तो पंकज, तळ्यात जन्मला तो सरोज, पाण्यात जन्मले ते बाकीचे. मधले अक्षर मात्र लगेच निकाल लावते : क, र, रो, ल किंवा बु. घरे चार असतील तर अरविंद, दोन असतील तर पद्म किंवा अब्ज. तेव्हा मदत मागताना आधी घरांची संख्या सांगायची, मग हाती असलेले अक्षर कितव्या घरात आहे ते सांगायचे. ‘कमळाला आणखी काय म्हणतात?’ असा मोघम प्रश्न घरभर विचारला तर सात जण सात शब्द सांगतात आणि कोडे होते तिथेच राहते.

जोडाक्षर तर स्वतःच एक मदत असते. भीष्मांचे मूळ नाव चार घरांत मागितले, की दे-व-व्र-त बसते. त्या ‘व्र’वरून खाली दोन घरांचा शब्द निघत असेल तर तो व्रत किंवा व्रण यांपैकी एक असण्याची शक्यता फार मोठी, सूत्रात ‘जखम’ असेल तर विचार करायलाही नको. कोडे रचणाऱ्यालाही हे ठाऊक असते. म्हणून अवघड जोडाक्षरे बहुधा एकेरी घरात टाकलेली दिसतात, जिथून दुसरा शब्द निघतच नाही, आणि सोडवणाऱ्याला आडव्याचा उभ्याला आधार मिळत नाही.

आजच्या शब्दकोड्याचे मूळ अमेरिकेत आहे. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन यांचे ‘वर्ड-क्रॉस’ २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत आले. त्याचा आकार पतंगासारखा होता. पुढच्या दशकात कोड्यांचे वेड पसरले तेव्हा न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने तक्रार केली, की कोडी सोडवणारे शब्दकोशांभोवती गर्दी करतात आणि ज्यांना ते कामासाठी हवेत त्यांना ते मिळत नाहीत. मदत घेण्याचा उपद्रव असा कोड्याइतकाच जुना आहे.

भारतात गेल्या शतकाच्या मधल्या दशकांत मदतीला वेगळाच अर्थ आला होता. तेव्हा बक्षिसांची शब्दकोडी जोरात होती. प्रवेश शुल्क भरायचे, कूपन पाठवायचे आणि निकालाची वाट पाहायची. त्यांत एकाच जागी दोन शब्द सारखेच चपखल बसतील अशी रचना करता येई. ‘माणसाला ▢ळ हवे’ या नमुन्यात ‘बळ’ भरावे की ‘फळ’, हे कोणताही कोश सांगू शकत नाही. मुंबईच्या १९४८ च्या कायद्यात अशा स्पर्धांचे जे वर्णन आहे ते नेमके आहे : ज्यांचे उत्तर चालकांनी आधीच ठरवून ठेवलेले असते किंवा सोडत काढून ठरवले जाते. बंगळूरला छापल्या जाणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातील आर. एम. डी. चमारबागवाला यांची स्पर्धा मुंबई राज्यातही लोकप्रिय होती. १९५२ मध्ये कायदा दुरुस्त करून बाहेर छापलेल्या वृत्तपत्रांतील स्पर्धांवरही कर बसवण्यात आला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५७ मध्ये न्यायालयाने अशा स्पर्धा जुगाराच्या जातीच्या ठरवल्या. दरम्यान १९५५ चा केंद्रीय बक्षीस-स्पर्धा कायदा आला होता. त्याने महिन्याला एकूण १,००० रुपयांहून अधिक बक्षिसांच्या स्पर्धांना मनाई केली आणि प्रवेशिकांवर २,००० ची मर्यादा घातली. रोजच्या कोड्याची जात निराळी. त्याला पैसे पडत नाहीत, आणि उत्तर एकच आहे हे आडवे-उभे शब्द एकमेकांना साक्ष देऊन ठरवतात.

कोशांची मदत घेताना मराठी माणूस एका ठिकाणी हमखास अडतो, ते म्हणजे शुद्धलेखन. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा (दुसरी आवृत्ती १८५७), दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळातला. दोन्हींत ‘कवि’ आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम पाळणारे दैनिक ‘कवी’ छापते. आडव्या कवीतून उभी ‘वीणा’ निघत असेल, तर कोशातला ऱ्हस्व ‘वि’ तिथे बसणार नाही. ‘नाव’ शोधायला जावे तर जुन्या कोशात तो ‘नांव’ असतो, ‘काही’ हा ‘कांहीं’ असतो. जुना कोश वापरणाऱ्याने हे मनातल्या मनात बदलून घ्यावे लागते. तरीही हे दोन्ही कोश कोड्यासाठी फार उपयोगी, विशेषतः शिकागो विद्यापीठाने ते संगणकावर शोधता येतील असे ठेवल्यापासून. छापील मोल्सवर्थमध्ये शब्द ठाऊक असेल तरच अर्थ सापडतो. संगणकावर उलटे जाता येते : इंग्रजी अर्थातला ‘लोटस’ शोधला की कमळाचे मराठी शब्द ओळीने समोर येतात. पुराणातल्या माणसांसाठी सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा प्राचीन चरित्रकोश चांगला. अर्थात ‘कर्णाचा सारथी’ दोन घरांत विचारला तर शल्यासाठी कोश काढावा लागू नये.

पर्यायी शब्दांचा मोठा साठा संस्कृतातून आलेला आहे, आणि इथे कोडे रचणारे थोडा आळसही करतात असे म्हणावे लागते. पृथ्वीसाठी धरा, मही, अवनी. हत्तीसाठी गज, करी, कुंजर, वारण. पाण्यासाठी जल, नीर, तोय, उदक, सलिल आणि नवख्याला हमखास चकवणारे ‘जीवन’. महिनाभर नेमाने कोडे सोडवले की हे शब्द पाठ होतात आणि मग त्यांत मदत लागत नाही.

मदत लागते ती घरगुती, गावाकडच्या शब्दांना. ‘तांदूळ धुण्याची बांबूची टोपली’ हे सूत्र घेऊन शिकलेला नातू कोशांची पाने उलटत बसतो आणि स्वयंपाकघरातून आजी ‘अरे, रोवळी’ म्हणून मोकळी होते. विहिरीवरची मोट, भिंतीतले फडताळ, टांगलेले शिंके या शब्दांसाठी घरातल्या म्हाताऱ्या माणसाइतका चांगला कोश नाही. उलट क्रिकेटपटू किंवा नट्यांची नावे आली की तीच आजी पेन नातवाच्या हातात देते. ‘नाचता येईना ▢▢▢ वाकडे’ मात्र दोघांनाही येते.

संगणकाची मदत मराठीत अजून लंगडी आहे, त्याचेही कारण अक्षरच. डोळ्यांना ‘पुस्तक’ तीन घरांचा दिसतो, पण युनिकोडमध्ये तो सहा चिन्हांनी साठवलेला असतो : प, उकार, स, हलन्त, त, क. रिकाम्या घराऐवजी प्रश्नचिन्ह टाकून शोध घेणारी साधी सोय चिन्हे मोजते, अक्षरे मोजत नाही. ‘तीन घरे, शेवट क’ असे विचारले तर तिला ‘पुस्तक’ सापडतच नाही आणि ‘नरक’ मात्र सापडतो, कारण त्यात काना-मात्रा काही नाही. उपयोगी साधन करायचे तर शब्दयादी आधी अक्षरांत तोडून ठेवावी लागते. तोवर कोड्याचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणे हाच जलद मार्ग. परदेशातल्या भाचीची तेव्हा रात्र असली तर उत्तर दुपारच्या चहाला येते.

वाचनालयातल्या अंकाचा नियम वेगळा आहे. तिथे मदत न मागताच मिळते, कारण सकाळी पहिला आलेला वाचक कोडे पेनने भरून गेलेला असतो, आणि त्यात दोन शब्द चुकलेले असतात. पेन्सिलीने भरले असते तर निदान खोडता आले असते.

शेवटची मदत दैनिक स्वतःच देते, ती दुसऱ्या दिवशीच्या अंकातल्या ‘कालचे उत्तर’ या छोट्या चौकटीत. १५ ऑगस्टचे कोडे अडले तर मात्र १६ तारखेला अंकच नसतो, आणि एका घरासाठी दोन दिवस थांबावे लागते.