समाजवाद्यांची काँग्रेसमधून फारकत (१९४८)

सत्ताधारी काँग्रेसमधील समाजवादी गटाने मार्च १९४८ मधील नाशिक अधिवेशनात पक्षाबाहेर पडण्याचा निर्णय घेतला. स्वतंत्र भारताच्या सत्ताधारी पक्षातली ही पहिली मोठी फूट. पुढच्या असंख्य पक्षफुटींहून ती वेगळी ठरते, कारण जाणाऱ्यांनी सत्ता तर सोडलीच, काँग्रेसच्या तिकिटावर मिळालेल्या जागाही परत केल्या.

या गटाचे बीजही नाशिकचेच. सविनय कायदेभंगाच्या काळात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे ही तरुण मंडळी नाशिकच्या तुरुंगात एकत्र आली आणि तिथल्या चर्चांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकाराला आली. मे १९३४ मध्ये आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली पाटण्याला परिषद भरली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईत पक्षाची रीतसर स्थापना झाली. सभासद व्हायचे तर आधी काँग्रेसचे सभासद असावे लागे. शेतकरी-कामगारांचे प्रश्न काँग्रेसच्या गळी उतरवायचे, पण घर सोडायचे नाही, अशी ही भूमिका होती.

स्वातंत्र्याबरोबर हे नाते अवघडले. १९४७ च्या कानपूर अधिवेशनात पक्षाने आपल्या नावातून ‘काँग्रेस’ हा शब्द काढला आणि काँग्रेसबाहेरच्यांनाही दार उघडले. जमीनसुधारणांच्या गतीवरून मतभेद होतेच. गांधीहत्येनंतर समाजवाद्यांनी गृहखात्यावर उघड टीका केली आणि गृहमंत्री सरदार पटेलांशी असलेले संबंध विकोपाला गेले. १९४८ च्या आरंभी काँग्रेसने नियम केला : स्वतःची घटना आणि स्वतंत्र सभासदत्व असलेल्या गटाला पक्षात राहता येणार नाही. गट विसर्जित करा किंवा बाहेर पडा, एवढेच पर्याय उरले.

नरेंद्र देव फारकतीला फारसे उत्सुक नव्हते. जेमतेम काही महिन्यांपूर्वी गांधीजींनी काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी त्यांचे नाव सुचवले होते. तरी निर्णय झाल्यावर ते आणि संयुक्त प्रांतातले (आजचा उत्तर प्रदेश) त्यांचे डझनभर सहकारी विधानसभेचे राजीनामे देऊन मोकळे झाले. विरोधी बाकांवर जाऊन बसायला कायद्याची आडकाठी नव्हती. पक्षांतरबंदीचा कायदा यायला अजून ३७ वर्षे होती. मते काँग्रेसच्या नावावर मिळाली, तेव्हा मतदारांकडे पुन्हा गेले पाहिजे, इतका साधा त्यांचा विचार होता.

त्याची किंमत पोटनिवडणुकांत मोजावी लागली. अयोध्येलगतच्या फैजाबादमध्ये काँग्रेसने नरेंद्र देवांविरुद्ध बाबा राघवदास यांना उभे केले. हे गांधीवादी साधू मूळचे पुण्याचे, कर्मभूमी पूर्व उत्तर प्रदेश. प्रचारात समाजवादाची चर्चा बाजूला पडली आणि नरेंद्र देवांच्या नास्तिकतेचा मुद्दा अयोध्येच्या परिसरात घरोघरी पोहोचवला गेला. बौद्ध तत्त्वज्ञानाचा हा व्यासंगी पंडित सुमारे तेराशे मतांनी हरला. इतरत्रही बहुतेक राजीनामे दिलेल्यांच्या वाट्याला पराभवच आला. धर्माच्या नावाने मते मागण्याचा हा डाग त्या निवडणुकीवर कायमचा राहिला आहे.

महाराष्ट्रात एस. एम. जोशी, गोरे यांनी समाजवादी पक्षाची बांधणी केली. मात्र ग्रामीण बहुजन समाजातील असंतोषाचा मोठा भाग याच सुमारास केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांच्यासोबत काँग्रेसबाहेर पडून शेतकरी कामगार पक्षाकडे गेला.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत समाजवादी पक्षाला लोकसभेसाठी सुमारे साडेदहा टक्के मते पडली, जागा मात्र १२. कम्युनिस्टांना साडेतीन टक्क्यांहूनही कमी मतांत १६ जागा मिळाल्या, कारण त्यांची ताकद मोजक्या भागांत एकवटलेली होती आणि समाजवाद्यांची देशभर विखुरलेली. १९५२ मध्येच आचार्य कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाशी विलीनीकरण होऊन प्रजा समाजवादी पक्ष झाला. १९५५ मध्ये राममनोहर लोहिया त्यातूनही वेगळे झाले. त्याच वर्षी मद्रासजवळच्या आवडी या गावी भरलेल्या अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला आणि अनेकांना परतीची वाट दिसू लागली. नाशिकच्या तुरुंगातल्या त्या तरुणांपैकी अशोक मेहता १९६४ मध्ये काँग्रेसमध्ये परतले. गोरे अखेरपर्यंत परतले नाहीत.