टीव्हीचा आवाज उलटा कसा येतो

दिवाळीला परभणीला मामाकडं गेलतो. मामानं नवा फोर-के टीव्ही घेतलाय अन् जुना होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरला आवाज पुरवणारा डबा, तसाच ठेवलाय, तर सेटटॉप बॉक्स लावला की पाचही स्पीकर वाजायचे, पण टीव्हीवर यूट्यूब लावलं की आवाज फक्त टीव्हीतून. मामा म्हणले, "आरं वायर तर लावलीय, आता आणखी काय पायजे?" हा प्रश्न लई घरात पडतो म्हणून नीट सांगतो.

बॉक्सची एचडीएमआय वायर, म्हणजे चित्र अन् आवाज दोन्ही नेणारी, रिसीव्हरच्या इनमधी जाते आणि रिसीव्हरच्या आऊटमधून टीव्हीच्या इनमधी, सगळं एका दिशेनं. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी पैठणहून परभणीकडं येतं, परत पैठणला जात नाही, तसंच हे. पण यूट्यूब टीव्हीतच चालतंय, म्हणजे आवाज टीव्हीत तयार होतो आणि त्याला रिसीव्हरकडं यायला उलटी वाट लागते. ही वाट २००९ साली एचडीएमआय १.४ मधी आली, तिलाच एआरसी म्हणजे ऑडिओ रिटर्न चॅनेल म्हणतात. प्लगमधी १९ पिना असतात, त्यातली १४ नंबरची आधी नुसती राखून ठेवलेली होती, तिच्यातून आता आवाज मागं येतो, वेगळी वायर नको. फक्त टीव्हीच्या ज्या सॉकेटवर एआरसी लिहिलंय त्यातच वायर पायजे, रिसीव्हरच्या आऊटवर पण तेच लिहिलेलं पायजे, आणि बहुतेक टीव्हीत सीईसीची, म्हणजे उपकरणांनी वायरीतून एकमेकांना हुकूम द्यायची, सेटिंग चालू करावी लागते. मामाची वायर शेजारच्या सॉकेटमधी होती, एवढंच. रिसीव्हर एआरसीच्याही आधीचा असेल तर टीव्हीतून ऑप्टिकल वायर टाका, तिच्यातून आवाज उजेडाच्या रूपात जातो.

आता चित्र नेणारी जुनी पिवळी वायर. मामाचा जुना डीव्हीडी प्लेअर तिच्यावरच आहे आणि चित्र धुरकट दिसायचं, त्यात प्लेअरचा दोष नाही. आपल्याकडं १९८२ ला दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत प्रक्षेपण आलं, तवा ज्यांच्याकडं टीव्ही होता त्यांच्याकडं ब्लॅक अँड व्हाईट सेट होते आणि ते बाद होऊन चालणार नव्हतं, म्हणून उजेड-अंधाराच्या सिग्नलमधीच ४.४३ मेगाहर्ट्झवर रंग दडवून पाठवायचे. पिवळी वायर तेच करते. एकाच पोत्यात सोयाबीन अन् तूर भरली की घरी येऊन चाळावी लागते आणि थोडी मिसळ राहतेच, तसं टीव्हीला रंग वेगळा काढावा लागतो, त्यात बारकावे जातात आणि बारीक चौकड्याच्या शर्टावर नसलेले रंग नाचायला लागतात. लाल-हिरव्या-निळ्या तीन पिनांच्या कंपोनंट वायरीत हे होत नाही, कारण उजेड एका वायरीत आणि रंगाची माहिती बाकी दोघीत. प्लेअरला तसं आऊट असेल तर तीच लावा.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. लई जुने रिसीव्हर वायरीचा प्रकार बदलून देत नाहीत, पिवळीतून आलेलं पिवळीतूनच बाहेर. म्हणून एचडीएमआय लावलेली असूनही प्लेअरचं चित्र येत नसेल तर टीव्हीपर्यंत दुसरी पिवळी वायर न्यावी लागते आणि रिमोटवर टीव्हीचं इनपुटही बदलावं लागतं.

एचडीएमआयमधी चित्र आकड्यांत जातं. फोर-केच्या एका चित्रात ८२,९४,४०० ठिपके, सेकंदाला ६० चित्रं, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट (बिट म्हणजे शून्य नाहीतर एक), म्हणजे सेकंदाला जवळपास १,१९४ कोटी बिट! बिट ओळखू आला तर आला, नाही तर नाही. म्हणून खराब वायरीनं चित्र फिकं पडत नाही, चांदण्या चमकतात नाहीतर स्क्रीन काळी होते. सोन्याचा मुलामा दाखवून रंग खुलतील म्हणून कुणी महाग वायर देत असेल तर घेऊ नका, लांबी बघा, जेवढी आखूड तेवढी बरी.

शेवटी मामाकडं बॉक्सवरच्या बातम्यात ओठ मागं अन् आवाज पुढं वाटायला लागला, कारण टीव्ही चित्र सजवायला क्षणभर घेतो आणि रिसीव्हर आवाज लगेच सोडतो. रिसीव्हरमधी ऑडिओ डिलेची सेटिंग असते, ती थोडी थोडी वाढवत गेलो, मामा समोर बसून बघत होते, आणि ओठ जुळल्याबरोबर म्हणले, "बास, आता हात लावू नको."