ऑस्ट्रासिझम

प्राचीन अथेन्समध्ये एखाद्या नागरिकावर कोणताही गुन्हा शाबीत न करता केवळ मतदानाने त्याला दहा वर्षांसाठी हद्दपार करण्याची पद्धत. मतदार नको असलेल्या व्यक्तीचे नाव फुटक्या मडक्याच्या खापरीवर कोरून मत देत. हद्दपार झालेल्या व्यक्तीला दहा दिवसांत ॲटिका (अथेन्सच्या सत्तेखालील) प्रदेश सोडावा लागे; मात्र तिची मालमत्ता जप्त होत नसे आणि नागरिकत्वही अबाधित राही.

या पद्धतीच्या आरंभाविषयी एकमत नाही. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथात तिचे श्रेय लोकशाही सुधारणा करणाऱ्या क्लिस्थेनीझला (इ.स.पू. सु. ५०८) दिले असून, पूर्वीचा हुकूमशहा पायसिस्ट्राटस याच्या घराण्याची जुलमी सत्ता पुन्हा येऊ नये, हा तिचा हेतू सांगितला आहे. तथापि तिचा पहिला प्रयोग इ.स.पू. ४८७ च्या सुमारास, त्या घराण्याशी संबंधित हिपार्कसवर झाला. मधल्या सुमारे वीस वर्षांचे स्पष्टीकरण तोच ग्रंथ मॅरथॉन येथे इराण्यांवर मिळवलेल्या विजयानंतर (इ.स.पू. ४९०) लोकांना आलेल्या आत्मविश्वासात शोधतो. याउलट उत्तरकालीन कोशकार हार्पोक्रेशनने उद्धृत केलेल्या, अथेन्सचा इतिहासकार ॲन्ड्रोशन याच्या वचनानुसार हा कायदाच हिपार्कसच्या वेळी प्रथम झाला. ॲरिस्टॉटलच्या ग्रंथातील या भागाचा आधार बहुधा ॲन्ड्रोशनच असल्यामुळे, मूळ मजकूर संक्षेप करताना बिघडला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. व्हॅटिकनमधील एका उत्तरकालीन हस्तलिखितात पूर्वी हा अधिकार मंडळाकडे (अथेन्सच्या नागरिकांच्या कार्यकारी परिषदेकडे) होता आणि त्यासाठी दोनशेहून अधिक मते लागत, असे म्हटले आहे. पण एकट्या उशिराच्या साधनावर फारसा भार टाकता येत नाही. हद्दपारीचे अयशस्वी प्रस्ताव इतिहासकारांनी नोंदवले असतीलच असे नाही, हे लक्षात घेता क्लिस्थेनीझनेच ही पद्धत सुरू केली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मतदान घ्यावे की नाही, हा प्रश्न दरवर्षी सहाव्या प्रिटनीत, म्हणजे वर्षाच्या दहा भागांपैकी सहाव्या भागात, नागरिकांच्या सभेपुढे ठेवला जाई. होकार मिळाल्यास प्रत्यक्ष मतदान काही आठवड्यांनी अगोरात (शहराच्या मुख्य चौकात) होई. तेथे दहा जमातींसाठी दहा वेगळी प्रवेशद्वारे केलेली असत आणि नऊ आर्कन (वार्षिक अधिकारी) व मंडळ देखरेख करीत. उमेदवारांची यादी नसे. हद्दपारीसाठी सहा हजार मतांची अट होती; तिचा अर्थ मात्र वादग्रस्त आहे. चरित्रकार प्लूटार्कच्या मते एकूण सहा हजार मते पडणे आवश्यक होते, तर इतिहासकार फिलोकोरसच्या मते एकाच व्यक्तीविरुद्ध तेवढी पडावी लागत. दुसरी अट पूर्ण होणे व्यवहारात फार कठीण असल्याने बहुतेक अभ्यासक प्लूटार्ककडे झुकतात.

हिपार्कसनंतर मेगाक्लीझ, झँथिपस व ॲरिस्टायडीझ यांच्यावर हा प्रसंग आला; इराणचा सम्राट झर्क्सीझ याच्या स्वारीच्या वेळी (इ.स.पू. ४८०) हद्दपारांना परत बोलावण्यात आले. पुढे थिमिस्टोक्लीझ (सु. ४७१), सायमन (सु. ४६१) आणि पेरिक्लीझचा विरोधक, मिलेसियसचा पुत्र थ्यूसिडिडीझ (सु. ४४३, इतिहासकार तो वेगळा) यांनाही अथेन्स सोडावे लागले.

उत्खननांत दहा हजारांहून अधिक खापऱ्या सापडल्या असून त्यांतील बहुसंख्य अथेन्सच्या केरामाइकॉस भागातील आहेत. ॲक्रॉपलिस या अथेन्समधील टेकडीच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत सापडलेल्या थिमिस्टोक्लीझच्या नावाच्या सुमारे १९० खापऱ्यांवरील अक्षर अवघ्या चौदा जणांचे असल्याचे आढळले. त्या आगाऊ लिहून वाटण्यासाठी तयार केल्या असाव्यात; यामागे विरोधकांचे संघटित कारस्थान होते की निरक्षरांची सोय, हे त्यांवरून ठरत नाही.

शेवटचा ज्ञात प्रयोग हायपरबोलस या राजकारण्यावर (इ.स.पू. सु. ४१७–४१५) झाला. निसियस व ॲल्सिबायडीझ या प्रतिस्पर्धी नेत्यांपैकी एक जाणार अशी अपेक्षा असताना दोघांच्या समर्थकांनी हातमिळवणी केल्याने हायपरबोलसच बळी पडला. नंतर ही पद्धत वापरातून गेली, तरी चौथ्या शतकातही सभेपुढे तो वार्षिक प्रश्न ठेवला जात होता.

अथेन्सबाहेर आर्गॉस व मेगारा येथे अशी प्रथा असल्याचे त्रोटक उल्लेख मिळतात. सिसिलीतील सिराक्यूसमध्ये नाव ऑलिव्हच्या पानावर लिहीत आणि हद्दपारी पाच वर्षांची असे. इतिहासकार डायोडोरसच्या म्हणण्याप्रमाणे तेथील प्रतिष्ठित लोक त्या भीतीने राजकारणापासून दूर राहू लागले, म्हणून ती लवकरच रद्द करण्यात आली.